तीन बोटांचे माप

माझ्या दादीच्या घरी मशेरी भाजायचा दिवस सगळ्या गल्लीला कळायचा. काठ तुटलेला एक जुना तवा खास त्या कामासाठी ठेवलेला होता. तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत त्यावर भाजली जात. धूर असा उठायचा की आम्ही पोरे ठसकत अंगणात आणि कोंबड्या आमच्याही पुढे. दादी मात्र पदर नाकाला लावून तव्यापाशी ठाम. मग ती काळी पाने खलात कुटायची, जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू वाटी घेऊन हजर. "चाची, चिमूटभर द्या हो, आमची संपली." ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडे आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडे वर्षातून एकदाच यायचा. मशेरीची देवाणघेवाण बारमाही होती.

माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मशेरी लावणे याला कुणी व्यसन म्हणत नाही. पुरुषाने तंबाखू मळली तर ती तंबाखू. बाईने तीच भाजून दातांना लावली की ते दात घासणे. दादी फजरच्या आधी लावायची, न्याहारीनंतर लावायची, दुपारच्या भांड्यांनंतर दारात बसून लावायची आणि झोपताना पुन्हा. बोट दातांवर कमी आणि हिरड्यांवर जास्त फिरे. मी उर्दू शाळेत शिकू लागले तेव्हा पुस्तकात मिस्सी हा शब्द आला. जुन्या काळी बायका शृंगारासाठी दात आणि हिरड्या काळ्या करत, ती मिस्सी. मला वाटले, दादी लावते ती हीच. मिस्सी निराळी आणि मशेरी निराळी हे पुढे कळले. मशेरीत शृंगार काही नाही, निव्वळ जाळलेली तंबाखू आहे.

दादीचा तिच्यावर पक्का विश्वास होता. दाढ ठणकत नाही, पोट साफ होते, डोके हलके राहते. यातले काहीच खोटे नव्हते, म्हणून तर समजावणे अवघड. तंबाखूतले निकोटीन हिरडीच्या पातळ कातडीतून सरळ रक्तात जाते आणि आतड्यांना चालना देते. एखाद्या दिवशी डबा रिकामा असला की डोके दुखते, पोट अडते, जीव कशात लागत नाही. हा त्रास निकोटीन न मिळाल्याचा असतो. बाईला वाटते, बघा, मशेरीशिवाय तब्येत बिघडते. जिने दुखणे लावले तीच औषध ठरते.

हा प्रकार आपल्याकडे किती जुना आणि किती पसरलेला आहे, याची नोंदही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. खेड्यापाड्यांत फिरून, एकेकाला तोंड उघडायला लावून केलेले हे काम आहे. पुढे २००४ मध्ये डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी यांचा मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक बायका मशेरीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. १०५ ग्रॅम म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. अडीच किलोच्या काठावर जन्मणाऱ्या आमच्या भागातल्या लेकरांना तेवढे फार असते. आमच्याकडे तर दिवस गेलेल्या सुनेला मळमळ होऊ नये म्हणून सासूच मशेरी लावायला देते.

मी असे काही बोलले की घरातले कुणीतरी हमखास दादीचा दाखला देते. "दादी ऐंशी पार करून गेली, कुठे काय झालं?" खरे आहे. तिला कर्करोग झाला नाही. मात्र तिच्या हिरड्या झिजून खाली गेल्या होत्या, पुढचे दात मुळांपर्यंत उघडे पडले होते आणि एकेक करून गळून गेले होते. शेवटची दहा वर्षे ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजू न बघता ओलांडणारा प्रत्येक जण गाडीखाली सापडत नाही, म्हणून कुणी आपल्या लेकराला तसे ओलांडायला शिकवत नाही.

तंबाखू काही आपल्या मातीतली नाही, हेही मी मुलांना आवर्जून सांगते. पोर्तुगीजांबरोबर ती दख्खनच्या किनाऱ्याला लागली. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला ती दिसली आणि परतताना त्याने रत्नजडित हुक्क्यासकट ती बादशहापुढे ठेवली. ही १६०४-०५ च्या सुमाराची हकिकत, त्यानेच लिहून ठेवलेली. तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली होती की या पानाची कुणी परीक्षा केलेली नाही, बादशहांनी ते ओढू नये. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि सोडून दिले. अमीर-उमरावांनी मात्र सोडले नाही. जहांगीरने १६१७ मध्ये मनाईचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला ते आपण बघतोच आहोत. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. मला त्यातला हकीम आवडतो. चारशे वर्षांपूर्वी त्याच्या हातात ना सूक्ष्मदर्शक होता ना अहवाल, तरी त्याने नेमका प्रश्न विचारला.

आता ज्या मुलामुळे हे लिहायला बसले त्याच्याविषयी. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. उर्दूच्या तासाला मी मुलांकडून मोठ्याने वाचून घेते. ऐन, क़ाफ, ख़े ही अक्षरे घशातून यावी लागतात आणि त्यासाठी तोंड मोकळे उघडावे लागते. आठवीतला एक मुलगा चांगला वाचणारा होता. हळूहळू त्याचे शब्द दातांआड अडकल्यासारखे येऊ लागले. आधी मला वाटले, वय बदलतेय, आवाज फुटतोय, लाजत असेल. मग एके दिवशी शालेय पोषण आहाराच्या वेळी पाहिले, तर हा खिचडीत पाणी ओतून, ती निथळून खात होता. विचारले तर म्हणाला, "मॅडम, मूँ जलता." साधी हळद-मिठाची खिचडी ती, मिरची जेमतेम.

त्याला म्हटले, आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धर आणि पुढच्या दातांमध्ये घाल. निरोगी माणसाचे तोंड स्वतःच्या तीन बोटांइतके उघडते. त्याची दोनच गेली, तीही ओढून. मग वर्गातल्या सगळ्या मुलांनी तो खेळ समजून बोटे घातली आणि सगळ्यांची तीन-तीन गेली. त्याला शिट्टी वाजवायला सांगितली, वाजेना. फुगा फुगवायला दिला, गाल फुगेनात. मी डॉक्टर नाही. पण गालाच्या आतली कातडी संगमरवरासारखी फिकट झाली होती आणि बोट लावल्यावर दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागत होते, हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

त्याच्या वडिलांना बोलावले. पंक्चरचे दुकान सोडून बिचारे लगेच आले. ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, तमाखू को तो उन हात बी नै लगाता. खाली मीठी सुपारी खाता."

वाचकहो, या एका वाक्यात आपल्या समाजाचा सगळा गैरसमज आला आहे. तंबाखू वाईट, हे आता बहुतेकांना कळले आहे. पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र असते, तेही सगळ्यांनी पाहिले आहे. सुपारी मात्र आपल्याकडे शुभ. लग्नात सुपारी, पानात सुपारी, जेवणानंतर पाहुण्याला सुपारी. रंगीत कागदातली गोड सुपारी तर लेकरू रडायला लागले की हातात द्यायची वस्तू. हा मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून दिवसाला चार-पाच पुड्या खात होता. बाप सिगारेट ओढत नाही, तंबाखू खात नाही, पोराला वाईट संगत नाही. सगळे खरे. आणि तरी चौदाव्या वर्षी पोराचे तोंड बंद होत चालले होते.

या आजाराला डॉक्टर ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीत ॲरेकोलीन नावाचे द्रव्य असते. त्याने गालाच्या आतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त तंतू तयार करू लागतात, आणि जुने तंतू विरघळून जाण्याची जी नेहमीची क्रिया असते ती मंदावते. जखम भरल्यावर कातडी ताठ होते तसा सगळा गाल आतून ताठ होत जातो. जीभ बाहेर येईनाशी होते, तिखट सोसत नाही, पडजीभ आखडते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा प्रकार प्रथम नोंदवला आणि दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे डॉ. जोशी यांनी त्याला आजचे नाव दिले. म्हणजे आपली माणसे समुद्रापार गेली तरी सुपारी बरोबर नेली आणि आजारही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात स्पष्ट लिहिले की तंबाखू नसली तरी निव्वळ सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करणारी आहे. तंबाखूसाठी जो वर्ग, तोच सुपारीसाठी. या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली. आमच्या गल्लीत ती अजून पोचलेली नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्यांनी मुलाला सरकारी दंत महाविद्यालयात पाठवले. तिथे निदान पक्के झाले. गालात इंजेक्शने घेतली, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितले की जे तंतू तयार झाले ते पूर्णपणे जात नाहीत. सुपारी सुटली तर पुढे वाढणे थांबू शकते. काही रुग्णांत यातूनच पुढे कर्करोग होतो, म्हणून तपासणी आयुष्यभर. आणि एक व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, रोज पाच-सहा वेळा, आणि हळूहळू काडी वाढवायची. पहिल्या दिवशी बारा काड्या बसल्या होत्या. आता चौदा बसतात. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन करतो, कारण घरी धाकटे भाऊ हसतात. चौदा काड्यांना तीन महिने लागले.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तो बराचसा कागदावर आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. कायमस्वरूपी बंदीचा अधिकार राज्याला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. मग २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली, २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तीत घेतली गेली, आणि वर्षावर्षाने मुदत वाढवत ती चालू आहे. पुडी मात्र मिळते. शेजारच्या राज्यांतून येते, छापे पडतात, पोती पकडली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर भाव दोन रुपयांनी चढतो. बंदीचा उपयोगच नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वी पुड्यांच्या माळा दारावर तोरणासारख्या लटकायच्या, आता त्या फळीखाली गेल्या. लेकराच्या डोळ्यांसमोरून हटल्या, हेही काही कमी नाही.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरपर्यंत, तंबाखू विकता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेही विकता येत नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत. याउलट २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एक शिक्षा इतकी हलकी की कुणी भीत नाही, दुसरी इतकी जबर की कुणी तक्रार करत नाही. आमच्या शाळेच्या फाटकापासून मी पावले मोजली. साठाव्या पावलाला टपरी. ती चालवते एक विधवा बाई. तिची मुलगी माझ्याच सहावीच्या वर्गात आहे, हुशार आहे, अक्षर मोत्यासारखे. मी गेले तेव्हा त्या बाईने स्टूल पुसून बसायला दिले. म्हणाली, "मॅडम, बिस्कुट और चाय पे घर नै चलता. पुडी है तो गिऱ्हाईक खडा रहता." मी तिला सात वर्षांची शिक्षा सांगू? तिच्याशी एवढेच ठरले की शाळेच्या गणवेशातल्या कुणालाही ती सुपारीसुद्धा देणार नाही. ती ते पाळते. पण पोरे आता गणवेश बदलून जातात आणि थोडी पुढे चालून दुसऱ्या टपरीवर घेतात. ती टपरी शंभर यार्डांच्या बाहेर आहे, म्हणून निदान तंबाखूच्या बाबतीत ती कायदेशीरसुद्धा.

आपल्याकडे असे आहे की आजार मोठ्या माणसाला झाला तरच तो आजार. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी गावोगाव नेले. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, वय अवघे सत्तावन्न. शरद पवारांवर २००४ मध्ये याच आजाराची शस्त्रक्रिया झाली आणि आपल्याला तंबाखू-सुपारीची सवय होती, ती वेळीच सोडायला हवी होती, असे ते जाहीर सभांतून सांगत आले आहेत. हे मी पालक सभेत सांगते तेव्हा लोक माना डोलावतात. पण सभा संपल्यावर दाराबाहेर पिंक टाकल्याचा आवाज येतो.

आकड्यांनी कुणी सुधारत नाही, तरी दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात चारपेक्षाही कमी निघाले आणि तंबाखू चघळणारे किंवा लावणारे २४ च्या वर. म्हणजे आपला प्रश्न धुराचा नाही, तोंडाचा आहे. दुसरा आकडा: २०२२ मध्ये जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण सापडले असा अंदाज आहे. त्यांतले १ लाख ४३ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातले लोक बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जातात. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये त्याच बार्शीत सुरू झाली. रोग खेड्यांत आहे हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात आले होते.

बीड म्हटले की ऊसतोड आलीच. दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पहाटे थंडीत कोयता चालवायचा, रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या भरायच्या. अशा वेळी दाढेखाली तंबाखू असली की भूक लागत नाही, झोप येत नाही. हे मला एका आईने सांगितले, आणि तिच्यापुढे आरोग्याचे भाषण करायला माझी जीभ वळली नाही. तिच्या भुकेला उत्तर असल्याशिवाय तिच्या तंबाखूला उत्तर नाही. पण तिच्या मांडीवरचे पोर तिच्याच डबीतली चिमूट उचलून चाटत होते, तेवढे मात्र मी बोलले.

माझे अब्बाही कष्टकरीच. माजलगावच्या मोंढ्यात पंधराव्या वर्षी हमालीला लागले आणि पोते पाठीवर घेताना दाढा आवळायच्या तर मध्ये काहीतरी हवे, म्हणून तंबाखू धरली, असे ते सांगतात. तळहातावर चुना लावून मळायची, थापटायची आणि डाव्या बाजूला खालच्या ओठाआड ठेवायची. चुन्याने निकोटीन मोकळे होऊन पटकन भिनते आणि तिथली कातडीही भाजते, हे त्यांना ठाऊक नाही. चुन्याशिवाय लागत नाही, हे ठाऊक आहे. आता बासष्ट वर्षांचे आहेत. हमाली सुटली, डबी राहिली.

अब्बांचा एकही रोजा चुकत नाही. सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तोंडात काही नाही. दुपारी चिडतात, डोके धरून बसतात, पण डबीकडे बघतसुद्धा नाहीत. मग अजान होते. खजूर, पाणी, नमाज, आणि नमाजनंतर पहिले काम डबी. एकदा मी म्हटले, "अब्बा, दिवसभर राहता ना, मग रात्रीचं काय अडतं?" तर म्हणाले, "रोज़ा अल्लाह के लिए रखता, तेरे दाँतां के लिए नै." माझ्याकडे उत्तर नव्हते. पण विचार करायला लागले. तंबाखू सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच निवळतो. म्हणजे जवळजवळ एक रमजान. आमची माणसे त्यातला निम्मा त्रास दरवर्षी सोसतात आणि रोज मगरीबनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभी राहतात.

मिसवाकची सुन्नत आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होतो, हेही सांगतात. तंबाखू मकरूह की हराम, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात पडण्याची माझी पात्रता नाही. पण वजूखान्याच्या भिंतीवरचे लाल डाग बघून कुणालाही दोन शब्द बोलता येतील. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे मी अब्बांकरवी निरोप पाठवला होता की एका जुम्म्याच्या बयानात सुपारीविषयी बोलावे. ते बोलले, आणि चांगले बोलले. तो निरोप पोचवताना अब्बांच्या ओठाआड काय होते ते मी सांगत नाही.

इच्छाशक्ती पाहिजे, असे सोडायला सांगणारे म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षे पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला इच्छाशक्ती शिकवणारे आपण कोण? निकोटीनची ओढ मेंदूत बसलेली असते. तिला औषध आहे, समुपदेशन आहे. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी आहे. शाळेच्या भिंतीवर आम्ही तो मराठी आणि उर्दू, दोन्ही लिप्यांत रंगवून घेतला.

मला सर्वांत धीर दिला तो केरळमधल्या एका कामाने. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर अभ्यास केला. निम्म्या गावांत घरोघरी जाऊन तोंडे तपासली, निम्म्यांत नेहमीसारखेच चालू ठेवले. तपासणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले, वैद्यकशास्त्राशी संबंध नसलेले पदवीधर होते. हातात एक टॉर्च. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, ताठ गाल, एवढेच शोधायचे. २००५ मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, जिथे तपासणी झाली तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. पोटातला रोग दिसत नाही, तोंडातला दिसतो, फक्त कुणी पाहिले पाहिजे. पदवीधर तर मीही आहे.

मी टॉर्च घेतली. पालक सभेला येणाऱ्या बायकांना शाळेच्या मागच्या खोलीत एकेक करून बघते. आधी लाजतात, मग एकमेकींची बोटे मोजून हसतात. आतापर्यंत दोघींना ग्रामीण रुग्णालयात पाठवले. एकीचे काही निघाले नाही. दुसरीचा गालातला लाल चट्टा दंतवैद्यांना बरा वाटला नाही. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तिचा तुकडा तपासायला गेला, लहान शस्त्रक्रिया झाली आणि ती आता घरी आहे. मशेरी तिने सोडली. तिच्या सासूने सोडली नाही.

अब्बा मात्र तोंड दाखवायला तयार नव्हते. मुलीने बापाच्या तोंडात बघायचे, हे त्यांना पटेना. शेवटी त्या आठवीतल्या मुलाला मी घरी बोलावले. त्याने अब्बांसमोर काड्या दातांत धरून दाखवल्या, मोजून चौदा. अब्बा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ला, बत्ती ला."

तीन बोटे सहज गेली. गाल मऊ होते. डाव्या खालच्या ओठाआड, तंबाखू ठेवायच्या जागी, कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. दंतवैद्यांनी तुकडा काढून पाठवला. अहवाल आला, त्यात कर्करोग नाही. अशा जागी तंबाखू ठेवणे थांबले तर बऱ्याचदा कातडी काही आठवड्यांत पूर्ववत होते, नाही झाली तर पुन्हा बघू, असे ते म्हणाले. अब्बांनी डबी फेकलेली नाही, कपाटावर ठेवली आहे. दिवसातून दोन-तीनदा तिकडे हात जातो आणि खाली येतो. कधी येत नाही. मी मोजत नाही. पुढची तारीख येत्या गुरुवारची आहे. चट्टा किती उरला ते तेव्हा कळेल.